गप्प झालेला पंखा

१

काटा लाल रेघेला टेकला तेव्हा आम्ही उड्डाणपुलाच्या बरोबर मध्यावर अडकलो होतो.

पुढे गाड्या, मागे गाड्या, डावीकडे कठडा. शुक्रवार, दुपारचे तीन. मागच्या सीटवर माझी लेक ठकू. वय सव्वा वर्ष, पट्ट्यांत बांधलेली, स्वतःचाच एक मोजा तोंडात. वीस मिनिटं आम्ही जागचे हललो नव्हतो आणि ती वीस मिनिटं मी तो काटा बघत होते. तशी मी सगळंच बघत असते, घरात त्यावरून माझी चेष्टा होते. पण त्या दिवशी बघण्यासारखं खरंच काहीतरी होतं. काटा आधी मध्यावर होता, मग मध्याच्या वर सरकला, मग एसीतून गार हवेऐवजी कोमट यायला लागली, आणि शेवटी बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली.

मी इंजिन बंद केलं, हॉर्नवर हात ठेवला आणि उचललाच नाही. ठणठणीत वाजत राहिला तो.

शेजारच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढली. "ओ ताई, हॉर्नने काय रस्ता फाटणार आहे का?" मग त्याला वाफ दिसली, मागची ठकू दिसली, आणि तो गुपचूप खाली उतरला. त्याने आणि अजून एकाने गाडी ढकलत कडेला लावली. मी ठकूला उचलून कठड्याशी उभी राहिले. तिची पाठ घामाने थबथबली होती. ती टेम्पोवाल्याकडे बघून हसत होती.

आमच्या मिस्त्रीने गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. इंजिन निवेपर्यंत त्याने कुणाला हात लावू दिला नाही. मग बॉनेट उघडून तो बराच वेळ नुसताच बघत राहिला.

"गाडी पळत असते ना ताई, तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला गार ठेवतो. उभी राहिली की वारा बंद. मग हा पंखा फिरायला पाहिजे. तुमचा फिरलाच नाही."

"बिघडला असेल."

"बिघडला म्हणायला काय जातंय? काय बिघडलं ते शोधण्यात खरा घाम."

त्याने बॅटरीपासून दोन वायरी काढून थेट पंख्याला टेकवल्या. पंखा भर्रकन फिरला. "मोटर जिवंत आहे." मग फ्यूज काढून उजेडाकडे धरला. "तार शाबूत." मग इंजिनशेजारच्या काळ्या पेटीतून आगपेटीहून लहान असा एक चौकोनी ठोकळा उपटला. "हा रिले. इंजिन तापलं की ह्याने टक् करायचं आणि पंख्याला करंट सोडायचा. एवढीच नोकरी." त्याने रिलेला वायरी लावल्या आणि तो कानाशी नेला. "टक् नाही. मेलाय हा."

खणातून नवा काढून त्याने जागेवर दाबला. इंजिन चालू करून ठेवलं. काही मिनिटांनी पंख्याची ती जाडजूड घुरघुर सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की गेले काही दिवस ती मी ऐकलीच नव्हती.

"तसा हॉर्नचा काढून इथे लावला असता तरी भागलं असतं, जुळे भाऊ आहेत दोघं," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "पण माझ्याकडे नवा होता. चला, सुटलात."

मी निघाले, तर त्याने त्या काळ्या पेटीचं झाकण हातातच धरलं होतं.

"ताई, ही पेटी तुमच्याकडे कोण उघडतं?"

"कुणीच नाही. का?"

"तीन आठवड्यांपूर्वी सर्व्हिसिंगला मी ही पुसून बंद केली होती. हिला दोन खिट्ट्या. मी दोन्ही लावतो, माझ्या वस्तादाने कानाखाली वाजवून शिकवलंय. आज आलात तेव्हा एकच लागलेली होती." त्याने झाकण माझ्यासमोर तिरपं धरलं. वरच्या धुळीत चार बोटं स्वच्छ उमटली होती. "ही माझी नाहीत. माझी असती तर काळी असती."

आमची गाडी आमच्या फाटकाच्या आतच उभी असते. फाटकाला आतून कडी असते. आणि आतली माणसं मी बोटांवर मोजू शकत होते.

२

सोमवारी मी कामावर परत जाणार होते.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी. ठकू झाल्यापासून रजेवर होते, रजा वाढवून वाढवून संपली होती. नवरा बोटीवर, त्याला यायला अजून चार महिने. सगळी मांडणी मी महिनाभर खपून केली होती. सकाळी घरी कामाला येणाऱ्या मावशी ठकूला सांभाळणार, बाराला त्या जाणार. बारा ते पाच ठकू तिच्या आजोबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. काही दुखलं-खुपलं तर गाडी काढायला भाऊजी, माझा धाकटा दीर.

मावशी, बाबा, भाऊजी. माझ्या लेकीचा दिवस ज्या तिघांच्या भरवशावर मी सोडणार होते, त्या तिघांपैकीच कुणीतरी त्या पेटीत हात घातला होता, आणि तीच गाडी घेऊन मी पुलावर चढले होते.

त्या संध्याकाळी दिवाणखान्यात बाबा आणि भाऊजींसमोर सगळं सांगितलं. भाऊजींनी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. बाबा मात्र खुर्चीतून उठलेच.

"ठकू बरी आहे ना?"

"बरी आहे. बाबा, तुम्ही बॉनेट उघडलं होतं का मधे?"

"मी?" त्यांचा आवाज चढला. "मी कशाला उघडू? चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून काय दिसेल त्यात हात घालीन होय? विचार तुझ्या लाडक्या दिराला."

"आलं का माझ्यावर!" भाऊजी म्हणाले. "घरात बल्ब उडाला तरी मीच."

बाबा तरातरा अंगणात गेले. शेजाऱ्यांची शिडी परत द्यायची राहिली होती. तिच्या वरच्या पायरीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ होती. बाबांच्या खिशात दोऱ्याचं रीळ कायम असायचं. त्यांच्या खात्यातली सवय: दुसरीकडची वस्तू उसनी आणली की तिला दोरा बांधायचा, म्हणजे परत करायची राहत नाही. "गाठ विसरत नाही, माणूस विसरतो," हे वाक्य लग्न होऊन आल्यापासून मी शंभरदा ऐकलं असेल.

थोड्या वेळाने त्यांनी मला चहा आणून दिला. राग गेला म्हणायचं, असं मनात म्हटलं. तो प्यायच्या आत दुसरा कप आणून ठेवला. मला भरून आलं.

किती वाजले बघायला मान वर केली, तर भिंतीवरचं घड्याळ अकरा दहाला थांबलेलं. चार-पाच दिवस मी ते बघत होते आणि सेल आणायचं विसरत होते. खाली सतरंजीवर ठकूचा कापडी ससा पोट दाबलं की गात होता. तोही मधे महिनाभर मुका झाला होता. गेल्या रविवारी मी माहेराहून परतले तेव्हा एकदम गाताना दिसला, आणि बाबा म्हणाले होते, "बघ, आपोआप गळा सुटला त्याचा!"

रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याचा फोन आला.

"रिले आहे तो. जळतात रिले. तू पण ना, साप साप म्हणून भुई धोपटतेस."

"आणि बोटांचे ठसे?"

"धुळीतले?" तो हसला. मग माझा आवाज ऐकून हसायचा थांबला. "बरं, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं की सोमवारी ठकूला कुणाकडे सोडायचं ते मला माहीत नाही."

३

शनिवारी सकाळी मावशी आल्या त्या ठकूचे गाल ओढतच. मी त्यांना पुलावरचं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, आणि पुढच्याच दमात म्हणाल्या, "तरीच! म्हटलं चार-पाच दिवस घुरघुर कशी नाही."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

"कसली घुरघुर?"

"कसली म्हणजे? भाऊ साडेअकराला क्लासवरून गाडी आणून लावतात, बरोबर पोरीच्या खिडकीखाली. गाडी बंद केली तरी ते आतलं धूड घुर्र घुर्र करत राहतं. मी मरमर करून पोरीला झोपवलेली असते, ती दचकून उठते. किती वेळा सांगितलं भाऊंना! गेल्या शनिवारी तर खिडकीतूनच ओरडले मी." त्या समाधानाने मान हलवत होत्या. "सोमवारपासून बघा, आवाज नाही की काही नाही. दोन-दोन तास झोपते पोरगी."

मावशींचे हात जाड, कामाचे. त्या हातांनी घरातली तुंबलेली मोरी उपसलेली मी पाहिली आहे. एक झाकण उघडून एक ठोकळा उपटणं म्हणजे त्यांना काय कठीण? पण तो उपटलेला नव्हता. तो जागेवरच होता आणि मेलेला होता. आणि ज्याने आवाज बंद केला तो आवाज बंद झाल्याचं इतक्या आनंदाने सांगेल?

"मावशी, तुम्ही कधी गाडीचं ते पुढचं झाकण..."

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मला तुमच्या मिक्सरची भीती वाटते."

भाऊजी अंगणात गाडी पुसत होते. गेल्या दहा महिन्यांत मी त्यांना गाडी पुसताना पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, बॉनेट उघडलं होतं का तुम्ही?"

"नाही."

"धुळीत बोटं आहेत."

ते पुसतच राहिले. एकाच जागी, गोल गोल. मी तिथून हलले नाही. माझी आई म्हणायची, न बोलता उभं राहिलं की पुरुषांना बोलावंच लागतं.

"वहिनी, दादाला सांगू नका," शेवटी ते म्हणाले. "बुधवारी सिग्नलला काटा वर गेला होता. मी बाजूला घेतली, निवल्यावर पाणी घातलं. मग परत जागेवर आला काटा."

"बुधवारी? आणि मी शुक्रवारी ठकूला घेऊन जाताना तुम्ही दारात उभे होतात. टाटा केलंत तिला!"

"सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असती ना माझ्याकडून. वाटलं, पाणी कमी झालं असेल." त्यांचा चेहरा पडला. "चुकलं माझं. पण त्या पेटीला मी हात नाही लावला. ती कशाची पेटी तेसुद्धा मला माहीत नाही. शपथ."

मी वळले. काहीतरी बोलून वातावरण हलकं करावं म्हणून असेल, ते मागून म्हणाले, "हॉर्न तरी बरा करून घेतलात. गेल्या शनिवारी फाटकाशी दाबत बसलो, वाजेचना, मावशींना हाका मारायला लागल्या. सोमवारी दाबला तर मीच दचकलो."

मी थांबले.

"मी कुठे करून घेतला? मला वाटलं तुम्ही केलात."

दोन आठवडे तो हॉर्न मुका होता आणि दोन आठवडे मी घरभर ओरडत होते की हॉर्नशिवाय ठकूला घेऊन रस्त्यावर उतरायची मला भीती वाटते. मग एक दिवस तो वाजायला लागला, आणि मी ओरडायची थांबले. कुणी दुरुस्त केला हे विचारलंसुद्धा नाही.

४

दुपारी बाबा स्वतःच माझ्यासमोर येऊन बसले. हातात मिस्त्रीने मला दिलेला मेलेला रिले. मी तो टेबलावर ठेवला होता.

"काल उगाच चिडलो तुझ्यावर," ते म्हणाले. "नातीची गोष्ट आहे. आपण दोघं मिळून छडा लावू. बस इथे."

त्यांनी चष्मा लावला आणि नखाने रिलेचं कवच अलगद सोडवलं. आत तांब्याच्या तारेचं रीळ आणि पातळ पत्र्याची एक जीभ.

"हे बघ. लहान करंट ह्या रिळातून गेला की ही जीभ ओढली जाते आणि मोठ्या करंटची वाट उघडते. लहान पोराने हाक मारायची आणि आतून पैलवान उठून यायचा, तसं. आमच्या लिफ्टच्या पॅनेलमध्ये असे चाळीस-चाळीस असायचे. रात्रंदिवस टक् टक् टक्." त्यांचा चेहरा उजळला होता. इतके खुशीत मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "ह्याचं रीळ तुटलंय, ही बघ तार. आणि आता मला सांग, पंख्याचा रिले दिवसातून कितीदा चालतो?"

"गाडी तापली की."

"बरोबर. आणि आतली ही टोकं बघ. झिजलेली. बारीक खड्डे पडलेत. हजारो वेळा, थोडा थोडा वेळ चालू-बंद झालेला आहे हा. पंख्याचा असा झिजत नाही." ते पुढे झुकले. "हा त्या जागेवरचा नव्हेच, सूनबाई. कुणीतरी अदलाबदल केलीय."

मिस्त्रीला जे दिसलं नव्हतं ते ह्यांनी चष्म्याआडून दोन मिनिटांत पाहिलं होतं.

"कोण करील असं?"

"ज्याला रिले कळतो तो. पण अर्धवट कळतो." त्यांनी कवच टेबलावर आपटलं. "पंख्याच्या जागी मेलेला रिले बसवून गाडी रस्त्यावर सोडली! लेकरं बसतात त्या गाडीत. असल्या माणसाला मी माझ्या लिफ्टच्या जवळ उभा केला नसता. हाकलला असता त्याच दिवशी."

मी म्हटलं, बाबा, पाणी घ्या. ते पाणी प्यायले, जरा शांत झाले, आणि त्यांनी रिलेचं कवच पुन्हा नीट बसवलं. मग म्हणाले, "बरं, आपला दर्यावर्दी कधी येतोय परत?"

"चार महिन्यांनी, बाबा."

सकाळपासून त्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. मुलाची आठवण येत असेल, असं मी दोनदा मनाला सांगितलं होतं. तिसऱ्यांदा ते सांगताना मन ऐकेना.

५

रविवारी सकाळी मी वही काढली. प्रयोगशाळेत नमुना दूषित निघाला की आम्ही आधी एकच विचारतो: शेवटचा शुद्ध नमुना कधीचा?

पंख्याचा शेवटचा शुद्ध नमुना माझ्याच कानात होता. मागच्या आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी मी ठकूला लस टोचून आणली होती. ती खांद्यावर झोपली होती. गाडी बंद करून मी पंख्याची घुरघुर थांबायची वाट बघत सीटवरच बसून राहिले होते, तिची झोप मोडू नये म्हणून. नंतर आत येऊन बाबांना म्हणाले होते, "आज पण हॉर्न नव्हता. एक बाई मधेच आली. माझा जीव गेला असता, बाबा."

सोमवारी साडेअकराला घुरघुर नव्हती. त्याच सोमवारी सकाळी हॉर्न होता.

म्हणजे रविवार. रविवारी मावशींची सुट्टी. त्या रविवारी भाऊजींची दिवसभर परीक्षा, मित्राच्या गाडीवरून गेलेले. मी आणि ठकू माहेरी, माझा भाऊ येऊन घेऊन गेलेला. गाडी फाटकाच्या आत, फाटकाला कडी.

मी पुढचं नाव लिहिलं नाही. पेन तसंच धरून बसले. ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. काल ज्या माणसाला त्यांनी शिव्या घातल्या त्या मनापासून घातल्या होत्या. मग कसं?

सतरंजीवर ठकूने सशाचं पोट दाबलं. ससा गायला. मी सवयीने किती वाजले ते बघितलं. अकरा दहा.

मुकं होतं ते गायला लागलं. चालत होतं ते थांबलं.

मी ठकूच्या हातातून ससा घेतला. तिने भोकाड पसरलं. पाठीवरची चेन उघडली, प्लास्टिकचं झाकण नखाने उचकटलं. आत एक पेन्सिल सेल, आणि सेलच्या कमरेला पांढऱ्या दोऱ्याचे दोन वेढे, वरून गाठ.

ठकूला भाऊजींच्या हातात कोंबून मी अंगणात धावले. बॉनेट उचललं. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक रिलेची जागा चित्राने दाखवली होती. भोंग्याचं चित्र सापडलं. तो ठोकळा घट्ट होता, दोनदा बोट निसटलं. मग सुटला.

त्याच्या गळ्याशी, पिनांच्या वर, पांढरा दोरा होता. दोन वेढे. वरून गाठ.

"सापडलं का काही?" मागून बाबांचा आवाज आला.

६

मला मूठ मिटायची होती. मिटली नाही. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि माझ्या तळहातावरचा ठोकळा उचलला.

"ही कुणाची गाठ?" ते म्हणाले. उन्हाकडे धरून त्यांनी तो फिरवला. "दोन वेढे, वरून फास..."

मग त्यांचं बोट गाठीवर थांबलं. फाटकाबाहेरून एक सायकल गेली. आत ठकू रडत होती आणि भाऊजी काहीतरी बेसूर गाऊन तिला गप्प करत होते.

"ही माझी आहे," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कधी बांधली मी?"

त्या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. ओरडायची केली होती. ठकूची घामेजलेली पाठ, लाल रेघ, सगळं जिभेवर आणून ठेवलं होतं.

"गेल्या रविवारी," मी म्हटलं. "तुम्ही एकटेच होता घरी."

ते पायरीवर बसले. ठोकळा दोन बोटांत धरून, काल मला शिकवत होते तसेच, एकेक पायरी लावत बोलू लागले. "हॉर्नचा रिले मेला होता. रविवारी दुकान बंद. तू सोमवारी बाहेर पडणार, हॉर्नशिवाय भितेस. मग पंख्याचा चांगला काढून हॉर्नला लावायचा. मेलेला पंख्याच्या जागी ठेवायचा, म्हणजे जागा उघडी राहत नाही. सोमवारी नवा आणायचा. तोवर गाठ." त्यांनी मान हलवली. "असंच केलं असणार. मी असंच केलं असतं."

"आठवतंय?"

"नाही गं." फार हळू म्हणाले ते. "मला हे बॉनेट उघडल्याचंच आठवत नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. सशाचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं. दोन कप चहाचं नाही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. उशिरा आलेल्या कामगाराने साहेबासमोर बसावं तसे ते बसले होते, आणि साहेबही तेच होते.

"बारा ते पाच माझ्याकडे ठेवणार होतीस तिला."

"हो."

"ठेवू नको." मग लगेच, जरा घाईने, "म्हणजे मी असेन गं. खेळवीन, गोष्टी सांगेन. पण एकटा नको. दूध गॅसवर ठेवलं आणि... गाठ तरी कुठे बांधणार तिथे?"

मी फाटकाकडे तोंड फिरवलं. तीन दिवस मी घरात एक वाईट माणूस शोधत होते. तो सापडला असता तर किती बरं झालं असतं! त्याला घराबाहेर काढता आलं असतं.

बाबांनी खिशात हात घातला. रीळ बाहेर काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"आता गाठी तू मारत जा. आणि मधेमधे मला विचार, ही कशाची म्हणून. मला नाही सांगता आलं तर लिहून ठेव. डॉक्टरला दाखवायला लागेल ना?"

"नेते मी. ह्याच आठवड्यात."

"गाडीनेच ने," ते म्हणाले. "पण आधी हे जुळे ज्याच्या त्याच्या घरी पाठव."

संध्याकाळी मिस्त्री येऊन पंख्याचा नवा रिले हॉर्नला बसवून गेला आणि दोऱ्याचा जुना परत पंख्याला. दोरा मी सोडवला. दोन्ही खिट्ट्या लागलेल्या मी स्वतः बघितल्या, मग बाबांनी बघितल्या. मिस्त्रीने विचारलं, "कोण होता मग?" बाबा म्हणाले, "होता एक जुना लिफ्टवाला. चांगला कारागीर होता." मिस्त्रीला काही कळलं नाही.

मावशी पाचपर्यंत थांबायला तयार झाल्या, एका अटीवर. "ती घुरघुर चालेल एक वेळ. पण त्या सशाचा सेल काढा, ताई. डोकं उठतं." सेल घड्याळात गेला.

सोमवारी सकाळी मी गाडी चालू करून अंगणातच उभी ठेवली. काटा मध्यावर आला, मध्याच्या जरासा वर गेला. माझी बोटं स्टिअरिंगवर आवळली. मग टक्, आणि पंखा घुरघुरला. वरच्या खोलीत ठकू दचकून उठल्याचं रडणं ऐकू आलं, पाठोपाठ मावशींची तक्रार. बाबा ठकूला कडेवर घेऊन खिडकीत आले.

"चालू आहे गं!" ते वरून ओरडले. "ऐकू येतंय इथवर!"

मावशी त्यांच्या मागे उभ्या होत्या. मी हॉर्न एकदा वाजवला आणि निघाले. उड्डाणपुलावर गाड्या तुंबल्याच होत्या. काटा मध्यावर होता. तरी मी तिकडेच बघत राहिले.